किरकोळ खर्च

परवा मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "काय रे, तू अजून त्या घोड्यांच्या नादात आहेस का?"

'नाद' हा शब्द आमच्या घरात फक्त दोनच गोष्टींना वापरतात. एक दारू आणि दुसरी रेस. मी म्हटलं, "नाही गं, आता जास्त करून वहीच लिहितो." "वही? कसली वही?" आता हे फोनवर कसं सांगणार? म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू. मावशी, हे तुझ्यासाठी. आणि ज्यांनी पुण्याचा रेसकोर्स फक्त कॅम्पातून जाताना बाहेरूनच पाहिलाय त्या सगळ्यांसाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी. बऱ्याच जणांना वाटतं की सगळ्यात वेगवान घोडा ओळखला की झालं. तसं नसतं. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात. म्हणजे क्लबचा एक अधिकारी, हँडिकॅपर, प्रत्येक घोड्याला त्याच्या आधीच्या कामगिरीवरून रेटिंग देतो आणि त्या रेटिंगप्रमाणे पाठीवर वजन चढवतो. एका पॉइंटला अर्धा किलो. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, सुमार घोड्यावर कमी. सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर पोचले तर हँडिकॅपरचं स्वप्न पुरं झालं म्हणायचं! आणि त्याचं कुठे चुकलं ते शोधणं हे आपलं काम. गंमत म्हणजे अमेरिकेत या शोधणाऱ्यालाही हँडिकॅपरच म्हणतात.

हे काम निव्वळ नशिबाचं नाही, हे माझं नाही तर सुप्रीम कोर्टाचं म्हणणं आहे. १९९६ साली कोर्टाने निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. मी हा निकाल घरात कितीतरी वेळा ऐकवलाय. खेळाला कौशल्य लागतं याचा अर्थ ते माझ्याकडे आहे असा होत नाही, हे मात्र उशिरा कळलं.

तर गोष्ट २०११ च्या सीझनची. पुण्याचा सीझन पावसाळ्यात असतो, साधारण जुलै ते ऑक्टोबर. त्यानंतर घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात. त्या वर्षी मी जवळजवळ प्रत्येक रविवारी गेलो होतो. दिवाळीच्या आधी एकदा जेवताना बायकोने सहज विचारलं, "एकूण किती गेले रे?"

मी म्हणालो, "बरोबरीत आहे. थोडे वरच असतील."

"लिहून दाखवतोस?"

भांडणाचा सूर अजिबात नव्हता. ती स्वतः अकाउंट्समधली, त्यामुळे तिला खरंच आकडा हवा होता. मी कागद घेऊन बसलो आणि पंधरा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मला फक्त जिंकलेल्या शर्यती आठवतायत. तारखेसकट, पावसासकट, शेजारी कोण उभं होतं त्यासकट. हरलेल्यांपैकी ज्या अगदी थोडक्यात हुकल्या तेवढ्याच. बाकीच्या कुठे गेल्या? शेवटी तिने बँकेचं पासबुक आणलं. एटीएममधून रविवारी सकाळी काढलेले पैसे एकाखाली एक लिहिले. बेरीज चौदा हजारांवर गेली. त्यातले परत किती आले ते मला सांगता येईना. कुठे काय लिहिलं होतं?

ती काही बोलली नाही. ताटं उचलून आत गेली.

आता बाबांबद्दल. बाबा रेसला जायचे हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही हेही सगळ्यांना माहीत आहे. मलाही पहिल्यांदा त्यांनीच नेलं होतं, कॉलेजात असताना. ते गेल्यावर त्यांची ट्रंक तशीच पडून होती. २०१२ च्या उन्हाळ्यात ती उघडली तेव्हा आत जुनी रेसबुकं निघाली, सुतळीने बांधलेली. मला फार आनंद झाला. म्हटलं, बाबांची सगळी विद्या हाती लागली!

एकेक पुस्तक उघडलं. प्रत्येक शर्यतीत जिंकलेल्या घोड्याभोवती लाल पेनाने गोल. प्रत्येक पानावर. दहा-बारा वर्षांची पुस्तकं, आणि एकही शर्यत हरलेली नाही. हे गोल शर्यत झाल्यावर काढलेले होते, हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. बाबांनी स्वतः कुठला घोडा निवडला होता, का निवडला होता, याचा एका अक्षराने उल्लेख नाही. म्हणजे शिकण्यासारखं काहीच नाही. कोण जिंकलं ते तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही येतं.

मी आईला म्हटलं, "बाबांनी हरलेलं काहीच लिहून ठेवलं नाही गं."

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "ते मी लिहायचे."

तिने कपाटातून हिशेबाच्या वह्या काढून दिल्या. दूध, रॉकेल, वाणी, शाळेची फी, आणि मधेच 'ह्यांना, किरकोळ, ३०'. पुढच्या आठवड्यात 'ह्यांना, किरकोळ, ५०'. १९८६ च्या पावसाळ्यातल्या सगळ्या 'किरकोळ'ची मी बेरीज केली. ११४० रुपये. बाबांचा पगार तेव्हा दोन हजारांच्या आत होता. त्याच वहीत जून महिन्यात एक ओळ होती, 'शिलाई मशीन चौकशी', आणि ऑक्टोबरमध्ये 'मशीन पुढच्या वर्षी'.

मी विचारलं, "तू कधी भांडली नाहीस?"

"भांडून काय होणार होतं? त्यांना खरंच वाटायचं की ते जिंकतायत."

हे वाक्य मला फार लागलं. कारण दिवाळीत 'थोडे वरच असतील' म्हणताना मीही खोटं बोलत नव्हतो. मलाही खरंच तसं वाटत होतं.

तर त्या जुलैत मी दोनशे पानी वही आणली. बायकोशी बसून नियम ठरवले. एक, घोडा आणि तो निवडण्याचं कारण शर्यतीच्या आदल्या रात्री लिहायचं, बॉलपेनने. दोन, शर्यतीनंतर त्यात खाडाखोड नाही. तीन, ऐन वेळी मन बदललं तर दोन्ही घोडे लिहायचे, आधीचा आणि नंतरचा. चार, प्रत्येक नोंदीला फक्त शंभर रुपये, विनचे. जॅकपॉट, टनाला वगैरे बंद. पाच, मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर वही उघडून प्रत्येक शर्यतीपुढे शेरा लिहायचा. मंगळवार अशासाठी की रविवारी रात्री डोकं गरम असतं.

सीझन संपल्यावर बेरीज करायच्या आधी बायको म्हणाली, "थांब. आधी अंदाज सांग, किती जिंकलास?" वही माझी, अक्षर माझं. मी म्हणालो, "तीसेक तरी असतील." मोजलं. ९६ नोंदी, १३ जिंकलेल्या. ९६०० रुपये लावले, ५९०० परत आले. वही लिहीत असूनसुद्धा डोक्यातला आकडा दुपटीहून जास्त होता! दोघं खूप हसलो. पण मला आतून बरं वाटत नव्हतं.

खरी मजा पुढे आहे. हरलेल्या ८३ शर्यतींपुढचे माझे शेरे वाचले. 'नशीब.' 'जॉकीने घालवलं.' 'अडकला.' 'मैदान ओलं.' असे ५१ शेरे. म्हणजे ५१ वेळा माझं बरोबर होतं आणि जगाचं चुकलं होतं. मग हिवाळ्यात मी शर्यतींचे व्हिडिओ पुन्हा पाहायला घेतले, एक रात्र एक शर्यत या हिशेबाने. सगळे ५१ पाहून झाले तेव्हा घोड्याला खरोखर वाट मिळाली नाही किंवा सुटतानाच गडबड झाली अशा शर्यती निघाल्या सात.

एक उदाहरण सांगतो. एक घोडी १००० मीटरला शेवटी अशी काही जोरात आली होती की तिसरी येऊनही सगळ्यांच्या नजरेत भरली. पुढच्या वेळी ती १२०० ला होती. मी आदल्या रात्री लिहिलं, 'दोनशे मीटर जास्त मिळाले की नक्की.' ती सहावी आली. शेरा, 'जॉकीने उशीर केला.' व्हिडिओ सहा वेळा पाहिला. जॉकीने काहीही उशीर केला नव्हता. वळणावरच त्याचे हात चालू झाले होते, घोडी काही देतच नव्हती. मग आधीची १००० ची शर्यत काढून फोनच्या स्टॉपवॉचने मोजली. पुढचे दोघे सुरुवातीला वेड्यासारखे पळाले होते आणि शेवटी पार दमले होते. माझी घोडी जोरात आली नव्हती, बाकीचे हळू झाले होते! रेसबुकात 'शेवटी जोरात' एवढंच दिसतं. पुढे कोण किती दमलं होतं ते आपण जाऊन बघायचं असतं. हे मी वीस वर्षं रेसला जाऊन शिकलो नव्हतो, ते त्या एका रात्री शिकलो.

जिंकलेल्या १३ शर्यतींची परीक्षा जास्त अवघड गेली. जिंकलेल्या शर्यतीत चूक शोधायला कोणाला आवडतं? पण लिहिलेलं कारण समोरच होतं. 'सुरुवातीपासून पुढे राहील' असं लिहिलेला घोडा मागून येऊन जिंकला होता. 'वजन कमी आहे' म्हणून घेतलेला जिंकला, कारण फेव्हरिट सुटतानाच मागे राहिला. मी लिहिलेल्या कारणाने जिंकलेले निघाले पाच. बाकी आठ वेळा पैसे मिळाले, पण ते माझ्या हुशारीचे नव्हते. आणि इतकी वर्षं माझा सगळा आत्मविश्वास अशा आठांवरच उभा होता.

आणखी दोन गोष्टी वहीने दाखवल्या. ९६ पैकी ३४ घोडे मी एवढ्याचसाठी घेतले होते की ते मागच्याच शर्यतीत जिंकले होते. त्यातले पुन्हा जिंकले तीन. नीट विचार केला तर यात नवल काय? जिंकला की हँडिकॅपर रेटिंग वाढवतो, पुढच्या वेळी पाठीवर जास्त वजन येतं, नाहीतर वरच्या क्लासात जावं लागतं. हे मला तोंडपाठ होतं, नवख्या लोकांना मी समजावूनही सांगायचो. पण निवडताना डोळ्यांसमोर 'मागच्या वेळी पहिला' एवढंच राहायचं. माहीत असणं आणि वापरणं यात एवढं अंतर असतं, हे वहीशिवाय दिसलं नसतं.

दुसरी गोष्ट ऐन वेळी मन बदलण्याची. पॅडॉकपाशी कोणीतरी 'खबर' देतो. "आतली बातमी आहे, त्याला आज सोडणार आहेत." मग रात्री दोन तास बसून काढलेला घोडा आपण दोन मिनिटांत सोडून देतो. असं २२ वेळा झालं होतं. त्यात आधी लिहिलेले सहा जिंकले, बदललेले दोन. खबर देणारे काका अजून भेटतात. प्रेमळ आहेत. मी त्यांची खबर ऐकतो, चहा पाजतो, आणि वहीतला घोडा बदलत नाही.

नंतर कुठेतरी पॉल स्लोव्हिक या मानसशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक प्रयोग वाचनात आला. त्याने आठ अनुभवी हँडिकॅपर घेतले, अमेरिकेतले, म्हणजे आपल्यासारखे घोडे निवडणारे. त्यांना झालेल्या शर्यतींची माहिती दिली, अर्थात नावं लपवून. आधी घोड्याबद्दलच्या फक्त पाच बाबी, मग दहा, मग वीस, मग चाळीस. प्रत्येक वेळी विचारलं, कोण जिंकेल आणि तुमची खात्री किती? पाच बाबींवर जेवढं बरोबर येत होतं, साधारण तेवढंच चाळिसांवरही आलं. वाढत गेली ती फक्त खात्री. मला तर आमच्या स्टँडमधलं कोणीतरी जाऊन उत्तरं देऊन आलंय असंच वाटलं. त्या दिवसापासून मी वहीत कारणं तीनच लिहितो. चौथं सुचलं की समजतो, आता मी स्वतःलाच पटवतोय.

पुढे काय झालं? २०१३ मध्ये नोंदी ७१, जिंकलेल्या १४. २०१४ मध्ये नोंदी ५८, जिंकलेल्या १४. म्हणजे सातातला एक होता, तो चारातला एक झाला. कसा सुधारलो? घोडे जास्त ओळखायला लागलो असं मला वाटत नाही. ज्या शर्यतीत मला काही कळत नाही ती सोडून द्यायला शिकलो, एवढंच. पाऊस पडून मैदान पार मऊ झालं असेल तर सोड. अजून एकदाही न पळालेले घोडे जास्त असतील तर सोड. नोंदी कमी झाल्या ते त्यामुळे. आणि हेही खरं की ५८ शर्यती म्हणजे काही फार नव्हेत. दोन-तीन घोडे नाकाएवढ्या फरकाने इकडचे तिकडे झाले असते तर हीच टक्केवारी निराळी दिसली असती. बायकोने हे शांतपणे समजावून सांगितलं, तेव्हा दहा मिनिटं मी रागावलो होतो.

आणि पैसे? त्या चांगल्या वर्षीसुद्धा ५८०० लावून ५३५० आले. साडेचारशे कमीच. चारातला एक बरोबर येणं पुरेसं नसतं. फेव्हरिट तर जगभर साधारण तीनातला एक जिंकतोच, पण तो जिंकल्यावर मिळतं किती? शिवाय टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि वाटायच्या आधी कापले जातात. आता तर विचारूच नका. पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होताच आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. एवढं कापून गेल्यावर वर राहायचं तर किती बरोबर यायला हवं, हे मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडून पाहिलं. माझ्या आवाक्यातलं नाही. म्हणून आता बहुतेक नोंदी नुसत्या कागदावरच्या असतात. सीझनमध्ये दोन-तीनदा जातो, शंभराची एक-दोन तिकिटं काढतो. तो आकडा घरच्या हिशेबात 'रेस' म्हणूनच लिहिला जातो, 'किरकोळ' म्हणून नाही.

मग वही कशाला? बायकोही विचारते. मला वाटतं, मंगळवारी रात्री आपलं आदल्या आठवड्यातलं मत आपल्याच अक्षरात वाचायला लागणं, हे मला दुसरीकडे कुठेच करावं लागत नाही. ऑफिसात एखादा माणूस नेमताना, मुलीच्या कॉलेजच्या वेळी, फ्लॅट घेताना, प्रत्येक वेळी मी ठाम मत दिलं आणि नंतर 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असंही म्हटलं. खरंच म्हटलं होतं का? कुठे लिहिलंय?

गेल्या महिन्यात वही घेऊन आईकडे गेलो होतो. म्हटलं, बघ, सगळं लिहिलंय, हरलेलंसुद्धा. तिने चष्मा लावला, पानं उलटली, एका पानावर थांबून बेरीज तपासली. तोंडीच. मग म्हणाली, "इथे शंभर चुकलेत." बघितलं तर खरंच चुकले होते. माझ्याच बाजूने!

दुरुस्त केलं. तिने वही मिटून परत दिली आणि विचारलं, "चहा टाकू?"

मावशी, एवढंच आहे बघ. 'नाद' म्हणायचं तर म्हण, पण आता हिशेब आहे. पुढच्या वेळी येशील तेव्हा वही दाखवीन. बेरीज तूही तपासून घे.